वाचकांचे प्रश्न : रिकव्हरी नेमकी कोणत्या घरात राहते?

गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच दुखण्याची आहेत. कोणी फोनमध्ये कस्टम रिकव्हरी (दुरुस्ती-अपडेटसाठी फोनमध्ये कंपनीने दिलेल्या छोट्या व्यवस्थेच्या, म्हणजे रिकव्हरीच्या, जागी बसवायची बाहेरची व्यवस्था; टीडब्ल्यूआरपी ही त्यांपैकीच एक) टाकायला गेले आणि ती बसली नाही, कोणाची बसली पण दुसऱ्या दिवशी नाहीशी झाली, तर कोणाचा फोन कंपनीच्या लोगोवरच अडकून पडला. साक्रीहून आलेल्या एका पत्राची सुरुवात तर ‘मना फोन मरी गया’ अशी अहिराणीतूनच आहे. त्या वाचकांना आधीच सांगतो की आपला फोन मेलेला नाही. बटणे दाबल्यावर पडद्यावर ‘फास्टबूट’ (संगणकावरून फोनमध्ये थेट फाइली लिहिण्याची अवस्था) हा शब्द उमटतो, असे आपणच पुढे लिहिले आहे, आणि जो फोन फास्टबूटपर्यंत येतो तो बहुतेक वेळा परत आणता येतो. आपल्या बाकीच्या प्रश्नाचे उत्तर भुसावळच्या पत्राखाली मिळेल.

आणखी एक सूचना. संगणकावर द्यायच्या आज्ञा येथे देवनागरीत, उच्चाराप्रमाणे छापल्या आहेत. त्या टंकताना रोमन लिपीत, लहान अक्षरांत टंकाव्यात. पत्रांत वारंवार येणारे काही शब्दही सांगून ठेवतो. बूटलोडर म्हणजे फोन सुरू होताना सिस्टिमच्या आधी चालणारा प्रोग्राम, पार्टिशन म्हणजे फोनच्या स्टोरेजमधला वेगळा राखलेला कप्पा, फ्लॅश करणे किंवा ‘मारणे’ म्हणजे फाइल थेट त्या कप्प्यात लिहिणे, रूट करणे म्हणजे फोनच्या सिस्टिमवर पूर्ण ताबा मिळवणे आणि मॅजिस्क म्हणजे त्यासाठीचे ॲप.

प्रश्न : मी केळी उत्पादक आहे. फोन दोन वर्षांपूर्वी घेतला असून त्यावर सध्या अँड्रॉइड १४ आहे. बूटलोडर अनलॉक केला. नंतर ‘फास्टबूट फ्लॅश रिकव्हरी’ ही आज्ञा दिली, तर ‘नो सच पार्टिशन’ असे उत्तर आले. गावातील एक मुलगा म्हणतो की रिकव्हरीवर बसत नसेल तर तीच फाइल ‘बूट’वर मारा, नक्की बसेल. मारू का? सोबत ‘गेटव्हार ऑल’चा उतारा जोडला आहे.
— एक वाचक, रावेर

मारू नका. उतारा जोडलात हे फार बरे केले, कारण उत्तर त्यातच आहे.

‘गेटव्हार ऑल’ ही आज्ञा दिली की फोन आपल्या रचनेची यादी देतो. आपल्या उताऱ्यात ‘स्लॉट काउंट’ पुढे दोन, ‘करंट स्लॉट’ पुढे बी असे आहे आणि पार्टिशनांच्या यादीत बूट, इनिट-बूट व व्हेंडर-बूट या प्रत्येकाच्या ए आणि बी अशा जोड्या दिसतात. रिकव्हरी नावाचे पार्टिशन त्या यादीत कोठेच नाही. फोनने आपल्याला नकार दिला तो हट्टाने नव्हे. ज्या घराचा पत्ता आपण दिला ते घर त्याच्याकडे बांधलेलेच नाही.

पूर्वी ते असे. बूट पार्टिशनमध्ये कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि सुरुवातीची छोटी फाइलव्यवस्था, म्हणजे रॅमडिस्क, असे. रिकव्हरी पार्टिशनमध्ये रिकव्हरीचा स्वतंत्र कर्नल आणि स्वतंत्र रॅमडिस्क असे. दोन्ही घरे वेगळी असल्यामुळे एकात काही बिघडले तरी दुसऱ्याला धक्का लागत नसे. ऑक्टोबर २०१६ मध्ये गूगलचे पहिले पिक्सेल फोन आले आणि त्यांच्याबरोबर ए आणि बी अशा दोन स्लॉटांची पद्धत आली. आपण केळीवाले आहात म्हणून आपल्याच शिवारातले उदाहरण देतो. एका तुकड्यावर मृगबाग काढणीला आलेली असते तेव्हा दुसऱ्या तुकड्यावर कांदेबागेची लागवड चालू असते आणि त्यामुळे बाजारात जाणारा माल थांबत नाही. फोनही तसाच एका स्लॉटवर चालत राहतो, अपडेट दुसऱ्या स्लॉटमध्ये शांतपणे लिहिले जाते आणि पुढच्या रीस्टार्टला फोन तिकडे वळतो. मात्र प्रत्येक गोष्टीच्या दोन प्रती ठेवायच्या तर जागा लागते. म्हणून त्या काळच्या अशा फोनांत रिकव्हरीचे वेगळे पार्टिशन काढूनच टाकले आणि तिची रॅमडिस्क बूटमध्येच वसवली. गावातील त्या मुलाने ‘बूटवर मारा’ हे बहुधा त्या पिढीच्या एखाद्या फोनवर होताना पाहिले असेल.

आपला फोन त्या पिढीचा नाही. अँड्रॉइड ११ च्या वेळी व्हेंडर-बूट हे नवे पार्टिशन आले आणि त्यापुढच्या बऱ्याच फोनांत रिकव्हरी त्यात राहायला गेली. अँड्रॉइड १३ घेऊनच कारखान्यातून निघालेल्या फोनांत इनिट-बूट आले, सर्वसाधारण रॅमडिस्क त्यात गेली आणि बूटमध्ये केवळ कर्नल उरला. अशा फोनच्या बूटवर भलतीच रिकव्हरी मारली, तर आपण कर्नलच पुसून टाकतो आणि मग फोन लोगोच्या पुढे जात नाही. काही कंपन्यांनी मात्र दोन स्लॉट ठेवूनही रिकव्हरीचे पार्टिशन वेगळे राखले आहे. तेव्हा ‘नवा फोन म्हणजे रिकव्हरी अमुकच ठिकाणी’ असा सरसकट नियम कोणी सांगितला, तर त्यावर विसंबू नये.

येथे एका गोष्टीत पुष्कळ जण फसतात. फोनवर आज कोणते अँड्रॉइड आहे यावरून पार्टिशनांची रचना ठरत नाही. फोन बाजारात आला तेव्हा त्यावर कोणते अँड्रॉइड होते यावरून ती ठरते. अँड्रॉइड १२ वर जन्मलेल्या फोनला १३ चे, १४ चे अपडेट मिळाले म्हणून त्यात इनिट-बूट उगवत नाही. हे तपासणे सोपे आहे आणि त्यासाठी बूटलोडर अनलॉक असण्याचीही गरज नाही. फोन चालू असताना यूएसबी डीबगिंग सुरू करावे आणि एडीबी (फोनला संगणकावरून आज्ञा देण्याचे साधन) शेलमध्ये ‘गेटप्रॉप’ लिहून पुढे आरओ डॉट प्रॉडक्ट डॉट फर्स्ट अंडरस्कोर एपीआय अंडरस्कोर लेव्हल असे टंकावे. उत्तर २८ आले तर जन्म अँड्रॉइड ९ चा, २९ म्हणजे १० चा, ३० म्हणजे ११ चा, ३१ म्हणजे १२ चा आणि ३३ म्हणजे १३ चा. त्याच ठिकाणी आरओ डॉट बूट डॉट स्लॉट अंडरस्कोर सफिक्स विचारले असता ए किंवा बी हे अक्षर आले, तर फोन दोन स्लॉटांचा आहे; काहीच आले नाही, तर बहुधा जुन्या धाटणीचा आहे.

आता आपण करायचे काय? आपल्या नेमक्या मॉडेलसाठी, म्हणजे फोनच्या खोक्यावरील जाहिराती नावासाठी नव्हे तर त्याच्या सांकेतिक नावासाठी, तयार केलेली रिकव्हरी मिळते का हे आधी पाहावे. मिळाली तर तिच्या कर्त्याने ती कोणत्या पार्टिशनसाठी बांधली आहे हे वाचावे. आपल्या उताऱ्यावरून ती व्हेंडर-बूटसाठीच असण्याची शक्यता अधिक आहे. एकाच नावाने विकल्या गेलेल्या दोन फोनांत आतील चिप वेगळी असल्याची उदाहरणे आहेत, म्हणून नावावर जाऊ नये. आणि काहीही लिहिण्यापूर्वी कंपनीच्या मूळ पॅकेजमधून बूट, इनिट-बूट, व्हेंडर-बूट आणि व्हीबीमेटा (पार्टिशनांच्या पडताळणीच्या नोंदी) या चार फाइली काढून संगणकावर वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवाव्यात, आणि फोल्डरच्या नावात बिल्ड क्रमांक लिहावा. हे काम अर्ध्या तासाचे आहे. ते न केल्यामुळे पुढे किती रात्री जातात, हे खालच्या पत्रांवरून दिसेलच.

प्रश्न : माझा फोन जुना, २०१५ चा आहे. टीडब्ल्यूआरपी व्यवस्थित फ्लॅश झाली, संगणकावर ‘ओके’ आले. फोन सुरू करून पाहिला, तोही चालू झाला. संध्याकाळी रिकव्हरीत गेलो तर कंपनीची जुनीच रिकव्हरी समोर आली. असे तीनदा झाले.
— विद्यार्थी, धुळे

आपल्या प्रश्नात ‘फोन सुरू करून पाहिला’ हे शब्द आहेत, आणि चूक तेवढीच आहे. त्या काळातील अनेक फोनांच्या मूळ सिस्टिममध्ये एक छोटी स्क्रिप्ट असते. प्रत्येक वेळी फोन सुरू होताना ती रिकव्हरी पार्टिशन तपासते आणि तेथे कंपनीची प्रत नसेल, तर बूटमधील मजकुरावरून ती पुन्हा तयार करून लिहिते. फ्लॅश झाल्यावर फोन सिस्टिममध्ये जाऊ न देता तेथूनच, आपल्या मॉडेलची बटणे दाबून, थेट टीडब्ल्यूआरपीत जावे. पहिल्याच पडद्यावर सिस्टिममध्ये बदल करण्याची परवानगी ती विचारते. ती दिली की त्या स्क्रिप्टचा बंदोबस्त ती स्वतः करते.

प्रश्न : फोन रूट केलेला होता. मागील आठवड्यात कंपनीचे अपडेट आले, ते घेतले आणि रूट गेले. माझ्याकडे मागील महिन्यात मॅजिस्कने तयार केलेली बूट फाइल होती, तीच पुन्हा मारली. फोन सुरू झाला, पण टच चालेना आणि वायफायचे बटण सुरूच होईना. पुन्हा रीस्टार्ट केला तर आता लोगोवर अडकतो. दुसऱ्या स्लॉटवर नेऊन पाहिले तर तेथेही तेच. रात्रपाळीचा माणूस आहे, गजर याच फोनवर लागतो.
— रेल्वे कर्मचारी, भुसावळ

टच आणि वायफाय एकाच वेळी गेले, हे आपण लिहिले नसते तर निदान करायला वेळ लागला असता. लोकांना वाटते की पॅनेल खराब झाले, आणि काही जण दुकानात जाऊन डिस्प्ले बदलूनही घेतात. खरे कारण वेगळे आहे. हल्लीच्या फोनांत टच, वायफाय, आवाज यांचे ड्रायव्हर कर्नलच्या पोटात नसतात. ते वेगळ्या पार्टिशनमध्ये मॉड्यूल म्हणून ठेवलेले असतात आणि ते त्यांच्याच जोडीच्या कर्नलबरोबर चालतात. अपडेटने मॉड्यूल नवे आणले, आपण वर जुना कर्नल बसवला. दोघांची ओळख पटली नाही, मॉड्यूल दाखल झालेच नाहीत, म्हणून काच धडधाकट असूनही फोनला बोटाचा स्पर्श कळेना.

उपाय असा. सेटिंग्जमध्ये आता जाता येत नाही, म्हणून अपडेट घेताना दिसलेला बिल्ड क्रमांक आठवावा किंवा कंपनीच्या अपडेट-इतिहासावरून तो ठरवावा आणि नेमक्या त्याच क्रमांकाचे संपूर्ण पॅकेज उतरवून घ्यावे. केवळ शेवटचा अंक वेगळा असला तरी ते चालणार नाही. पॅकेज उघडले की आत बहुधा ‘पेलोड डॉट बिन’ नावाची एकच मोठी फाइल असते. पेलोड डम्पर नावाच्या छोट्या प्रोग्रामने ती फोडली की बूटसह सगळी पार्टिशने सुटी होऊन मिळतात. निघालेल्या बूट फाइलचा आकार पाहावा. बऱ्याच फोनांत तो नेमका ६,७१,०८,८६४ बाइट, म्हणजे ६४ एमबी असतो, काहींत ९६ एमबी असतो. तो ‘गेटव्हार ऑल’मध्ये दाखवलेल्या बूट पार्टिशनच्या आकारापेक्षा मोठा भरला किंवा काही केबींचाच निघाला, तर समजावे की फाइल चुकीची आहे किंवा अर्धवट उतरली आहे. मग ही मूळ फाइल फास्टबूटमधून बूटवर मारावी आणि रूटचा विचार न करता फोन एकदा सुरू करून पाहावा. टच आला, वायफाय लागला, की मगच त्या नव्या फाइलवर मॅजिस्क चालवून रूट करावे. आपल्या फोनमध्ये इनिट-बूट असेल तर मॅजिस्कची फाइल इनिट-बूटचीच असते, बूटची नव्हे. रावेरच्या वाचकांना दिलेले उत्तर त्यासाठी पाहावे.

दुसऱ्या स्लॉटविषयी थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण तो सल्ला सर्रास दिला जातो. वर मी मृगबाग आणि कांदेबागेचे उदाहरण दिले, पण ते जुन्या दोन-स्लॉटी फोनांना जसे लागू पडते तसे नव्यांना पडत नाही. अँड्रॉइड ११ नंतरच्या फोनांत सिस्टिमच्या दोन पूर्ण प्रती ठेवत नाहीत. बूटसारखी लहान पार्टिशने खरोखरच दोन-दोन असतात, पण सिस्टिम, व्हेंडर वगैरे मोठी मंडळी ‘सुपर’ नावाच्या एकाच मोठ्या पार्टिशनमध्ये राहतात. अपडेटच्या वेळी केवळ बदललेला भाग बाजूला लिहिला जातो आणि नव्या सिस्टिमने एकदा नीट सुरुवात केली की तो मूळ जागेत विलीन होतो. विलीनीकरण झाल्यावर जुनी सिस्टिम शिल्लकच राहत नाही. सातबाऱ्यावर दोन गट दिसावेत आणि प्रत्यक्षात जमीन एकच असावी, तसा हा प्रकार आहे. आपण दुसऱ्या स्लॉटवर गेलात तेव्हा तेथे जुने बूट होते, पण त्याला चालवायला सिस्टिमच नव्हती. म्हणून आधी ‘फास्टबूट सेट अंडरस्कोर ॲक्टिव्ह’ ही आज्ञा देऊन अपडेट ज्या स्लॉटमध्ये उतरले होते त्या स्लॉटवर परत यावे. ही आज्ञा दिली की त्या स्लॉटच्या प्रयत्नांची मोजणीही पुन्हा पूर्ववत होते. बूटलोडर प्रत्येक स्लॉटला ठरावीक संधी देतो, बऱ्याच फोनांत सात. प्रत्येक फसलेल्या सुरुवातीला एक कमी होते आणि शून्य झाले की तो स्लॉट निकामी ठरवून दुसरीकडे वळतो. लोगोवर अडकलेला फोन रात्रभर आपणहून चालू-बंद होत सोडला, तर सकाळी तो भलत्याच स्लॉटवर सापडतो तो यामुळे.

पुढच्या अपडेटच्या वेळी मॅजिस्कमध्ये आधी मूळ फाइली परत बसवण्याचा पर्याय निवडावा, अपडेट घ्यावे, आणि रीस्टार्टचे बटण न दाबता मॅजिस्कमधूनच ‘निष्क्रिय स्लॉटमध्ये इन्स्टॉल’ हा पर्याय घ्यावा. तोपर्यंत गजरासाठी घरातले एखादे साधे घड्याळ लावावे.

प्रश्न : टीडब्ल्यूआरपीत गेल्यावर अंतर्गत स्टोरेज शून्य एमबी दाखवते. एकदा पासवर्ड न विचारता आत गेली तेव्हा फोल्डरांची नावे अर्थहीन अक्षरांची दिसली. वर्गातील मुलांचे फोटो आणि गुणपत्रके आत आहेत. कोणी सांगितले की ‘फॉरमॅट डेटा’ करा, मग दिसेल.
— शिक्षिका, शहादा

बाई, फॉरमॅट केल्यावर स्टोरेज दिसेल हे खरे आहे, पण रिकामे दिसेल. आपली गुणपत्रके या क्षणी सुरक्षित आहेत आणि ती धोक्यात येतील ती केवळ त्या एका बटणाने.

अँड्रॉइड १० किंवा त्यापुढचे अँड्रॉइड घेऊन निघालेल्या प्रत्येक फोनमध्ये फाइली एकेक करून कूटबद्ध केलेल्या असतात आणि त्यांची किल्ली आपल्या पिनशी व फोनच्या चिपमधील सुरक्षित भागाशी बांधलेली असते. सिस्टिमला ती किल्ली मिळते. रिकव्हरी जुनी असेल, किंवा आपल्या सध्याच्या अँड्रॉइडसाठी बांधलेली नसेल, तर तिला ती मिळत नाही. किल्ली मुळीच मिळाली नाही तर शून्य एमबी दिसते, आणि पार्टिशन उघडले पण फाइलींची नावे उलगडली नाहीत तर ती अर्थहीन अक्षरे दिसतात. फोन सुरू होत असेल तर तो साधा सुरू करावा, फोटो आणि गुणपत्रके केबलने संगणकावर घ्यावीत, आणि मगच पुढचे पाहावे. एखादी झिप फाइल रिकव्हरीतून बसवायची असेल तर त्यासाठी अंतर्गत स्टोरेजची गरजच नाही. ओटीजी लावून पेन ड्राइव्हवरून ती बसवता येते, किंवा संगणकावरून साइडलोडने पाठवता येते.

टीडब्ल्यूआरपीतील ‘वाइप’च्या पडद्यावर दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत आणि लोक त्यांत गल्लत करतात. खाली बोट सरकवून होणारा फॅक्टरी रीसेट ॲप आणि त्यांचा डेटा काढतो, पण फोटो, डाउनलोड असलेला भाग तसाच ठेवतो. ‘फॉरमॅट डेटा’ मात्र किल्ल्यांसकट सगळे पुसतो, म्हणूनच तो आपल्याकडून ‘येस’ हा शब्द अक्षरे टंकून मागतो. ज्या पडद्यावर शब्द टंकायला सांगितले जाते, तेथे क्षणभर थांबावे.

साइडलोडचा विषय निघाला म्हणून माझीच फजिती सांगतो. काही वर्षांपूर्वी चाळीसगावला मुक्काम असताना मी जुन्या फोनचे सिस्टिम, डेटा आणि अंतर्गत स्टोरेज असे सगळे पुसले आणि मग लक्षात आले की नव्या रॉमची (मूळ सिस्टिमच्या जागी बसवायच्या सिस्टिमची) झिप त्याच अंतर्गत स्टोरेजमध्ये होती. लॅपटॉपवर दुसरी प्रत होती, म्हणून ‘एडीबी साइडलोड’ लावले. मे महिना, वीज गेलेली, लॅपटॉपची बॅटरी तिशीत. टक्केवारी चढत चढत ४७ वर आली आणि थांबली. पुढे सरकेना. खाली इंग्रजीत ओळ उमटली, ‘फेल्ड टू रीड कमांड’, आणि तिच्याच पुढे ‘सक्सेस’. आज्ञा वाचता आली नाही आणि यश मिळाले, या दोन गोष्टी एकाच ओळीत पाहून मी फसल्याचाच अर्थ काढला, केबल काढली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केले. पुन्हा ४७. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी वैतागून लॅपटॉप बाजूला ठेवला आणि फोनच्या पडद्याकडे पहिल्यांदाच नीट पाहिले. तेथे ‘स्टेटस झीरो’ लिहिले होते, म्हणजे काम पूर्ण झाले होते, आणि बहुधा पहिल्या वेळीही झाले होते. साइडलोडमध्ये संगणकाची टक्केवारी ४७ च्या आसपास संपणे नेहमीचेच आहे. निकाल फोनवर वाचायचा असतो.

प्रश्न : ‘वेटिंग फॉर एनी डिव्हाइस’च्या पुढे काहीच होत नाही.
— वाचक, अमळनेर

फास्टबूटच्या आज्ञेला फोन सापडत नाही, असा त्या ओळीचा अर्थ. आधी केबल बदलावी. केवळ चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात आणि बाहेरून ते कळत नाही. केबल चांगली असेल तर विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळ्या खुणेसह ‘अँड्रॉइड’ दिसते का ते पाहावे. दिसत असेल तर ‘अँड्रॉइड बूटलोडर इंटरफेस’ हा ड्रायव्हर हाताने निवडावा. एडीबी चालते म्हणून फास्टबूटही चालेल असे नसते, दोन्हींचे ड्रायव्हर वेगळे लागतात. तरीही न जमल्यास निळा यूएसबी ३ चा पोर्ट सोडून जुन्या काळ्या पोर्टला, किंवा मध्ये यूएसबी २ चा साधा हब लावून, पाहावे. काही संगणकांत एवढ्यानेच काम होते.

प्रश्न : आमचे मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे. (१) दुसरीकडून ‘सॉफ्टवेअर मारून’ आलेल्या एका फोनचा आयएमईआय गेला आहे, नेटवर्क येत नाही. तो लिहून देता येईल का? (२) काही फोन रिकव्हरी टाकल्यावर लाल अक्षरांत सूचना देऊन बंद होतात. व्हीबीमेटा मारल्यावर चालू होतात. मग प्रत्येक फोनला आधीच व्हीबीमेटा मारून ठेवावे का?
— दुकानदार, पाचोरा

आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, स्वतः लिहून देऊ नये. त्यात फेरफार करणे हा गुन्हा असून २०२३ च्या दूरसंचार कायद्यात त्यासाठी तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद आहे. ग्राहकाच्या खोक्यावर तोच क्रमांक छापलेला आहे, हे सांगून दुकानदाराची सुटका होईल असे गृहीत धरू नये. फोन कंपनीच्या अधिकृत केंद्रात पाठवावा. हे का होते ते मात्र आपल्याला माहीत असलेले बरे. नेटवर्कची आणि सेन्सरच्या जुळणीची माहिती प्रत्येक फोनची वेगळी असते आणि ती लहान लहान पार्टिशनांत असते: क्वालकॉमच्या फोनांत मोडेमएसटी १ व २ आणि पर्सिस्ट, सॅमसंगमध्ये ईएफएस, मीडियाटेकमध्ये एनव्हीरॅम व एनव्हीडेटा. मूळ पॅकेजमध्ये त्यांची भरलेली प्रत नसते, कारण ती कारखान्यात त्या-त्या फोनमध्ये लिहिली जाते. ‘सगळे पुसून नव्याने मारा’ या पर्यायाने ती गेली की बाजारातील कोणतीही फाइल ती परत देऊ शकत नाही. म्हणून रूट किंवा रिकव्हरी मिळताच पहिले काम म्हणजे याच पार्टिशनांची प्रत घेणे, आणि ती ग्राहकाच्या पेन ड्राइव्हवर देणे. दुसऱ्या ग्राहकाच्या फोनची प्रत पहिल्याच्या फोनमध्ये कदापि घालू नये.

आता व्हीबीमेटा. बूटलोडर सुरू होताना बूट, व्हेंडर-बूट वगैरे पार्टिशनांची सही व्हीबीमेटातील नोंदीशी पडताळतो; ही पद्धत अँड्रॉइड ८ पासून रुळली. आपण एक पार्टिशन बदलले की नोंद जुळत नाही. अनलॉक केलेल्या फोनवर बहुधा केशरी सूचना येते आणि फोन पाच-दहा सेकंदांनी पुढे जातो. तिला घाबरण्याचे कारण नाही. लाल सूचना आली तर बूटलोडरने फोन अडवला आहे. ‘डिसेबल व्हेरिटी’ आणि ‘डिसेबल व्हेरिफिकेशन’ हे दोन पर्याय लावून त्याच बिल्डचे मूळ व्हीबीमेटा मारले की पडताळणी थांबते. परंतु प्रत्येक फोनला हे आधीच करून ठेवू नये. एक तर पुष्कळ फोनांना त्याची गरज नसते, आणि दुसरे म्हणजे काही फोनांत ही पडताळणी बंद केल्यावर जुना डेटा उघडतच नाही, फॉरमॅट करावे लागते. ग्राहक मग डेटा कोणी घालवला हे आपल्यालाच विचारणार, आणि ते योग्यच आहे.

प्रश्न : भाऊ, मी हौसेने कस्टम रॉम टाकली. रॉम उत्तम चालते, पण बँकेचे ॲप आणि एक यूपीआय ॲप उघडत नाही. बूटलोडर परत लॉक केला तर चालतील ना?
— वाचक, चोपडा

कस्टम रॉम असताना लॉक करू नका, भाऊ. तुमची ॲप गूगलच्या ज्या तपासणीवर विसंबतात ती प्ले इंटिग्रिटी, बूटलोडर अनलॉक आहे का आणि सिस्टिम प्रमाणित आहे का, हे पाहते. लॉक केल्यावर बूटलोडर कंपनीच्या सहीखेरीज काहीही चालू देणार नाही; तुमच्या रॉमवर ती सही नाही, म्हणून फोन लाल सूचनेवर थांबेल. आणि लॉक असताना फास्टबूट काही लिहू देत नाही. फोन सुरू होत नसल्यामुळे सेटिंग्जमधील ‘ओईएम अनलॉकिंग’चे बटणही हाती येत नाही. आमच्याकडे येणाऱ्या पत्रांपैकी खरोखर हताश करणारी पत्रे या एका कारणाची असतात. काही मोजक्या फोनांत स्वतःची किल्ली बूटलोडरला देऊन लॉक करता येते, पिक्सेल त्यांपैकी एक. परंतु रॉमच्या कर्त्यांनी तसे स्पष्ट लिहिले असेल तरच त्या वाटेला जावे.

लॉक करायचेच असेल तर क्रम असा ठेवा. डेटा बाहेर काढा, कारण लॉक करतानाही फोन पुसला जातो. कंपनीचे संपूर्ण पॅकेज, तेही तुमच्याच विभागाचे म्हणजे भारतातील फोनला भारताचेच, सर्व पार्टिशनांवर बसवा. आज ज्या बिल्डवर फोन येऊन गेला आहे त्याहून जुने पॅकेज घेऊ नका, कारण मागे जाऊ न देण्याची नोंद अनेक फोनांच्या चिपमध्ये ठेवलेली असते आणि जुने पॅकेज लॉक अवस्थेत ती नाकारते. मग फोन अनलॉक असतानाच एकदा सुरू करा, कॉल लावून पाहा, वायफाय पाहा, रिकव्हरीत जाऊन ती कंपनीचीच आहे याची खात्री करा. या सगळ्यात काही अडले नाही, तरच लॉकची आज्ञा द्या. फोन सॅमसंगचा असेल तर एवढे करूनही नॉक्सची (सॅमसंगच्या सुरक्षाव्यवस्थेची) नोंद परत येत नाही. कस्टम फाइल मारताना ती कायमची जळते आणि सिक्युअर फोल्डरसारख्या सोयी त्या फोनवर पुन्हा मिळत नाहीत.

हे सर्व करायला एक रविवार लागेल, आणि तो मे महिन्यातला असेल तर भर दुपारी बसू नका, तापलेली बॅटरी मध्येच मान टाकते. चार्ज साठ टक्क्यांवर असू द्या, कारण फास्टबूटमध्ये बरेच फोन चार्ज होत नाहीत. तोपर्यंत बाजारात जाताना खिशात रोख पैसे ठेवा.